तिसऱ्या महिन्यातलं माझं ‘नाही’

अहो,

तुम्ही गेल्यानंतरचा पहिला प्रभुभोजनाचा रविवार होऊन गेला. भाकरीचं ताट माझ्यापाशी आलं, मी ते हातात घेतलं आणि तुकडा न उचलता तसंच शेजारी बसलेल्या विमलकडे दिलं. द्राक्षारसाच्या प्याल्याचंही तेच. आपल्या एवढ्याशा चर्चमध्ये काही लपून राहत नाही. पत्र्यावर कावळा उतरला तरी सगळ्यांच्या माना वर होतात. हे चर्च सांभाळलेल्या पाळकाच्या विधवेनं प्रभूचं मेज नाकारलं, हे शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. जुन्नरहून त्या दिवसापुरते आलेले पाळक बिचारे गडबडले. त्यांना वाटलं, दुःखामुळं असेल. बायाही तसंच समजून डोळ्यांना पदर लावत होत्या.

शिमोनभाऊंना मात्र तसं वाटलं नाही. आपल्या चर्चच्या पंचांमध्ये आता तेच सगळ्यांत जुने. काठीशिवाय चालता येत नाही, पण आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. कोण तिकीट न काढता बसलंय ते त्यांना अजून बरोबर कळतं. उपासना संपल्यावर ते माझ्यापाशी आले, काठी टेकून उभे राहिले आणि हळूच म्हणाले,

“बाई, आता कुनाशी भांडान?”

“ह्यांच्याशी,” मी म्हणाले.

“ह्यांच्याशी म्हंजे? आवो, मानूस मातीत गेला.”

“म्हणून काय झालं?”

“मंग मिटवा बिगीबिगी. तुमचं ते तीन महिन्यांचं एकदा बघितलंय. पुन्ना बघायची माझ्यात ताकद न्हाई.”

म्हणून लिहायला बसले आहे. पुढचा प्रभुभोजनाचा रविवार आठ दिवसांवर आलाय. त्याच्या आत आपलं मिटलं तर मी भाकर घेईन. नाही मिटलं तर ताट पुन्हा पुढे जाईल. मनात भांडण घेऊन मेजापाशी यायचं नाही, हा नियम तुमचाच. तो घालून दिला तेव्हा दोघांतला एक माणूस मातीत गेल्यावर काय करायचं, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

तुमच्या मातीच्या दिवशी लोक फार चांगलं बोलले. आदर्श जोडपं, पवित्र संसार, कधी आवाज चढला नाही. मला हसू येत होतं. आवाज चढला नाही? घोडेगावच्या बाजारातल्या माणसानंही सांगितलं असतं, पाळकाची बायको चिडली की कशी ऐकू येते ते. तुम्ही असता तर व्यासपीठावरूनच खाकरला असता. तुम्हाला आपल्या संसाराची अशी इस्त्री केलेली स्तुती कधी आवडली नाही. तुम्ही म्हणायचात, ज्या पाळकाच्या घरात भांडण होत नाही त्या घरात एकजण घाबरलेला असतो.

दर प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तुम्ही मला जो प्रश्न विचारायचात, त्याची सुरुवातही भांडणातूनच झाली. लग्नाला तीन महिने झाले होते. तुम्ही नवे पाळक, मी नवी पाळकीणबाई. आमच्या पिंपळवंडीच्या वस्तीवरची मी पहिली बी.ए. वडील लोकांच्या कांद्यावर राबले आणि मला जुन्नरच्या कॉलेजात घातलं. मला त्याचा गर्व होता आणि आजही आहे, मी तो लपवत नाही. तुम्ही चिडवायचात, “हिला दोन मुकुट आहेत. एक स्वर्गात मिळेल, एक विद्यापीठानं आधीच दिलाय.” तर त्या तिसऱ्या महिन्यात तुम्ही उपदेशात माझ्या करपलेल्या भाकरीचा दाखला दिलात. धीर शिकवायला. सगळी मंडळी हसली, आणि पुढचा आठवडाभर बाया मला विचारत होत्या, काय बाई, तवा गार झाला का? मी तुमच्याशी बोलणं बंद केलं.

शनिवार आला. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन. आपल्याकडे द्राक्षारस म्हणजे काळ्या मनुका. आदल्या दिवशी कोमट पाण्यात भिजवायच्या, हातानं कुस्करायच्या, पातळ फडक्यातून गाळायच्या. भाकर म्हणजे घरचीच, बिनखमिराची चपाती. हे काम पाळकीणबाईचं, पिढ्यान्‌पिढ्या. मी पातेल्यात मनुका धूत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिलात आणि विचारलंत, “उद्या मेजापाशी उभा राहू का?”

मला वाटलं, टोमणा आहे. मी म्हणाले, “मला काय विचारता? प्रभूला विचारा.”

“त्याला विचारलं. त्यानं तुझ्याकडे पाठवलंय.”

मी तुम्हाला वचनातच पकडायला बघितलं. म्हटलं, अर्पण आणायच्या आधी भावाशी समेट करा असं लिहिलंय, बायकोचं कुठं लिहिलंय? तुम्ही म्हणालात, भावाशी माणूस वर्षातून दोनदा भांडतो, बायकोशी रोज. तेव्हा रोजचं आधी. मग भाकरीच्या दाखल्याची माफी मागितलीत. मला न विचारता मला कधीही उपदेशात घालणार नाही असा शब्द दिलात. मी ‘हो’ म्हटलं आणि मनुका गाळल्या.

तेव्हापासून महिन्याच्या प्रत्येक पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी तो प्रश्न. घाईत असलात तरी, पाहुणे बसलेले असले तरी. कधीकधी माझं ‘हो’ यायला तास लागायचा, कारण आधी आठवडाभराचं निघायचं. तुम्ही पाय दुमडून बसायचात आणि ऐकायचात. एकदा पाळकांच्या शिबिरात तुम्ही हे सांगितलंत. विषय होता, सेवकाचं पवित्रपण. सगळे उपवासावर बोलले, पहाटेच्या प्रार्थनेवर बोलले. आम्ही बायका मागं चपात्या लाटत होतो, आम्हाला कुणी काही विचारलं नाही. तुम्ही उभे राहून म्हणालात की माझ्या पवित्रपणाची परीक्षा घरी होते आणि पेपर माझी बायको तपासते. एक जाडजूड पाळक म्हणाले, म्हणजे तुमच्याकडे बिशप बाईच आहे की राव. मंडप हसला. तुम्हीही हसलात. पण जेवताना एक तरुण पाळक तुमच्या शेजारी येऊन बसला आणि खाली मान घालून विचारू लागला की बायको ‘नाही’ म्हणाली तर काय करायचं. तुम्ही म्हणालात, “अजून म्हणाली नाही. म्हणाली की कळवतो.”

पुढच्याच वर्षी म्हणाले मी.

मी शिनोलीच्या पुढे, भीमाशंकरच्या अंगाला असलेल्या आश्रमशाळेत शिकवत होते. सोमवारी पहिल्या गाडीनं जायचं, मुलींसोबत तिथंच राहायचं, शुक्रवारी परत. पंचांना ते खुपत होतं. बायकांची सभा बंद पडली, पाळकाच्या घराला चार दिवस कुलूप दिसतं, आलेल्याला चहा मिळत नाही. शिमोनभाऊ तेव्हा भर उमेदीत होते. सभेत ते म्हणाले की पाळकाच्या घरी चूल पेटत नाही आणि पाळक आम्हाला घर कसं चालवायचं ते सांगतात. तुम्ही चार तास एकटे त्यांच्यात बसला होतात, थकला होतात, हे मला नंतर कळलं. पण तुम्ही शब्द देऊन बसलात. सहामाही संपली की ती राजीनामा देईल.

मला ते कुणाकडून कळलं? शिमोनभाऊंच्या बायकोकडून. शुक्रवारी गाडीतून उतरले, हातात पिशवी, आणि त्या समोरून येऊन म्हणाल्या, “लई ब्येस केलं बाई, नोकरी सोडताय ते. आता जरा अंगाला मांस धरा.” मी त्यांना काही बोलले नाही. घरी आले, तुम्हालाही काही बोलले नाही. शनिवारी मनुका धुवायला घेतल्या. तुम्ही उंबऱ्याशी आलात. विचारलंत.

“नाही,” मी म्हणाले.

तुम्हाला आधी गंमत वाटली. मग माझं तोंड बघितलंत आणि तिथंच खाली बसलात. कशाबद्दल, हे विचारावं लागलं नाही. तुम्ही म्हणालात, चुकलो. पण सभेत दिलेला शब्द आहे, पाळकाचा शब्द आहे, तो एकदम कसा मागं घेऊ? मी म्हणाले, माझ्या नोकरीचा शब्द द्यायला मी काय चर्चची सतरंजी आहे, पंचांना वाटलं तर अंथरली, वाटलं तर गुंडाळली? माझं सभेत ठरावं म्हणून माझ्या बापानं मला शिकवलं नाही. मनुका पाण्यात फुगून बसल्या.

मला वाटलं होतं, सकाळी तुम्ही उभे राहाल. कोणीही राहिला असता. घरातलं घरात, मेजावरचं मेजावर. पण तुम्ही उपदेश संपवून खाली उतरलात, मंडळीसमोर उभे राहिलात आणि म्हणालात की आज प्रभुभोजन होणार नाही, मी माझ्या घरी चुकलोय आणि ते अजून दुरुस्त केलेलं नाही. माझे कान तापले. शिमोनभाऊ जागेवरून उठले.

“म्हंजे पाळकीनबाई न्हाई म्हनल्या म्हनून प्रभूचं मेज बंद?”

“ती नाही म्हणाली म्हणून नाही, शिमोनभाऊ. मी चुकलो म्हणून. ती फक्त खोटं बोलली नाही. ती खोटं बोलत नाही.”

तुमचं हे वाक्य लक्षात ठेवा. मला त्याच्यावरच यायचंय.

पहिला महिना तसाच गेला. भिजलेल्या मनुका मी शाळेत नेल्या, मुलींनी वाटीवाटीनं खाल्ल्या. दुसऱ्या महिन्यातही मेज बंद. आता वरपर्यंत तक्रार गेली होती. पुण्याहून वरिष्ठ पाळक चौकशीला आले. मी मासवडी केली होती. त्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला, हात धुतले आणि मग मला समजावू लागले की बाई, स्त्रीनं घर सांभाळावं, मंडळीला उपाशी ठेवणं बरं नाही. मी म्हणाले, साहेब, उपाशी तर तुम्ही दिसत नाही. तुम्ही मागं वळून खिडकीबाहेर बघायला लागलात. तुमचे खांदे हलत होते.

पण त्या महिन्यात तुम्ही बदलत होतात, आणि मी ते बघत होते. बुधवारची बायकांची सभा तुम्ही स्वतः घ्यायला लागलात. बायांनी पहिल्या दिवशी तुम्हाला वाल सोलायला बसवलं आणि गाणं त्यांनीच घेतलं. तुम्ही स्वयंपाक शिकलात. पिठलं म्हणून जे करायचात ते भिंतीला लावण्यासारखं असायचं, पण आल्यागेल्याला ते मिळू लागलं. सोमवारी पहाटे उसाच्या कडेनं मला थांब्यापर्यंत सोडायला यायचात, बिबट्याच्या भीतीनं मोठमोठ्यानं स्तोत्र म्हणत. तुमचा सूर ऐकून बिबट्या लांब राहायचा यात शंका नाही. आणि मग एका सभेत तुम्ही उभे राहून दिलेला शब्द मागं घेतलात. म्हणालात की तिची नोकरी माझी नव्हती, मी ती देऊन टाकली. जे माझं नव्हतं ते देण्याचा अधिकारही नव्हता. दोन पंच उठून गेले. शिमोनभाऊ बसून राहिले. का बसलात, असं मी त्यांना पुढं विचारलं, तर म्हणाले, शेवटचा थांबा येईस्तोवर मी कदी गाडी सोडली न्हाई.

तर तिसरा शनिवार आला. सगळं झालं होतं. शब्द मागं घेतला होतात, माफी मागितली होतीत, माझ्याकडे मागितली होतीत आणि पंचांसमोरही मागितली होतीत. मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. मी मनुका धुतल्या नव्हत्या, एवढंच. तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, “नाही.”

“अजून काही राहिलंय का?”

“हो.”

“काय?”

“सांगेन.”

तुम्ही “बरं” म्हणालात. वाद नाही, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी मंडळीला सांगितलंत की माझं अजून पूर्ण झालेलं नाही, अजून एक महिना क्षमा करा.

त्याच गुरुवारी शाळेत निरोप आला की राहेलआजी गेल्या.

तुम्हाला आठवत असेल, तरी लिहिते, वाचणाऱ्या सगळ्यांना त्या ठाऊक नसतील. राहेलआजी आपल्या मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. खाटेला खिळून वर्ष झालं होतं. दर प्रभुभोजनाच्या रविवारी उपासना संपली की तुम्ही फडक्यात भाकर आणि छोट्या बाटलीत रस घेऊन त्यांच्या घरी जायचात. त्या महिनाभर त्याचीच वाट बघायच्या. विमल त्यांची सून. त्या तीन महिन्यांत त्यांना काही मिळालं नाही, आणि तिसऱ्या महिन्यात त्या गेल्या.

गाडीतून उतरून मी थेट त्यांच्या घरी गेले. विमलबरोबर त्यांना आंघोळ घातली. माझ्या हातांना समजत होतं मी काय केलंय. पहिले दोन महिने तुमच्या खात्यावर, मान्य. पण तो रविवार माझा होता. मी ‘हो’ म्हटलं असतं तर तुम्ही भाकर घेऊन गेला असतात आणि त्या पोट भरून गेल्या असत्या. तुम्ही मातीच्या वेळी माझ्याकडे बघितलंत, त्या बघण्यात दोष नव्हता. दोष असता तर मला सोपं गेलं असतं. पुढच्या शनिवारी तुम्ही तोंड उघडायच्या आत मी हो म्हणाले. मेज पुन्हा सुरू झालं. मंडळी विसरली. मी सेवानिवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत शिकवलं, माझ्या हाताखालच्या मुली आज नर्स आहेत, तलाठी आहेत, एक तर कॉलेजात शिकवते. त्यातलं अर्धं श्रेय तुमच्या त्या बंद मेजाला आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, ते इथं सांगते.

बरीच वर्षं गेल्यावर एकदा आपण अंगणात पावटा सोलत बसलो होतो. तुम्ही सहज विचारलंत, “त्या वेळी तुझं काय राहिलं होतं गं?” मी म्हणाले, विसरले. तुम्ही म्हणालात, बरं. आणि एक शेंग सोलून दाणे माझ्या सुपात टाकलेत.

शेवटच्या महिन्यात तुम्हाला उठवत नव्हतं. उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता, तरी शनिवारी तुम्ही विचारलंतच. मी तुमच्या उशाशी बसून हो म्हणाले. तेव्हा सांगायचं होतं. अगदी ओठांवर होतं. पण तुमचा श्वास बघितला आणि म्हटलं, आता कशाला. माणूस स्वतःच्या भित्रेपणाला दया म्हणायला किती पटकन शिकतो.

तुम्हाला मातीत ठेवून आठवडा झाला असेल, विमल डब्यात भाजी घेऊन आली. बसली. जाईना. मग म्हणाली की पाळकसाहेबांनी मला एक गोष्ट सांगू नको म्हणून सांगितलं होतं, ते गेले, आता मी ती कुणाची म्हणून ठेवू?

त्या तिसऱ्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, मला थांब्यावर सोडून, तुम्ही राहेलआजींकडे गेला होतात. मनुका स्वतःच गाळून, फडकं आणि बाटली घेऊन. मंडळीचं मेज बंद ठेवलंत, पण त्यांच्यासाठी घेऊन गेलात. मला न विचारता. म्हातारी किती दिवसांची सोबती आहे ते तुम्हाला दिसत होतं. आणि आजींनी घेतलं नाही. विमलनं त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, मी तसेच लिहिते.

“तुझी बायकू न्हाई म्हनली ना? मंग मला चोरून कशाला देतो? आमच्या मानसानं मला जल्मात कदी कायबी इचारलं न्हाई. तू इचारतो. तर मंग तिचं व्हय येऊ दे. मी थांबते.”

तुम्ही म्हणालात, आजी, आणि थांबणं जमलं नाही तर?

“न्हाई जमलं तर तिकडं काय मेज न्हाई का? तिथं लई मोठं हाये.”

विमलनं तुम्हाला दाराशी गाठून विचारलं, शाळेत निरोप धाडू का, बाईंना कळू दे. तुम्ही नको म्हणालात. म्हणालात, आत्ता कळलं तर ती आजींसाठी हो म्हणेल आणि तिचं जे राहिलंय ते कायमचं आत राहील. तिचं राहिलेलं निघू दे.

अहो, विमल गेल्यावर मी तो डबा तसाच झाकून ठेवला आणि तुमच्याशी भांडायला लागले.

तुमच्यावर मला राग आहे तो असा. एक तर तुम्ही मला न विचारता फडकं घेऊन गेलात. तो राग लगेच विरघळला. गेलात ते बरंच केलंत, तुम्ही गेला नसतात तर मी तुम्हाला ओळखलंच नाही असं झालं असतं. दुसरं असं की निरोप धाडू दिला नाहीत. शिनोलीहून खाली यायला मला किती वेळ लागला असता? आले असते, माझ्या हातानं मनुका गाळल्या असत्या. तुम्हाला वाटलं ते ‘हो’ माझं झालं नसतं. ते तुम्ही कोण ठरवणार? पुन्हा तेच केलंत, माझ्या वतीनं ठरवलंत. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं: आजी गेल्यावर मला का नाही सांगितलंत? मी इतकी वर्षं समजत होते की ती म्हातारी माझ्या नावानं बोटं मोडत गेली. आणि ती माझ्या बाजूनं बसली होती. आख्ख्या मंडळीत ती एकटी. हे मला कळायला हवं होतं. ते माझं होतं, आणि तुम्ही ते स्वतःजवळ ठेवलंत.

का ठेवलंत याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, तुम्हाला वाटलं असेल, कळलं तर ही मोडेल. आपल्यासाठी कुणीतरी थांबलं आणि थांबता थांबता गेलं, हे हिला पेलणार नाही. असेल तसं. नसेलही. विचारायला तुम्ही नाही.

पण मी तुमच्यावर जेवढी चिडते तेवढी माझीच बाजू लंगडी पडते. कारण या सगळ्याच्या मुळाशी, मी म्हणाले ते ‘राहिलंय’ आहे. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवलात. मरणाच्या दारातल्या बाईला थांबू दिलंत, का, तर माझ्या मनात काहीतरी दुखतंय आणि ते नीट बाहेर यायला वेळ मिळाला पाहिजे. अंगणात विचारलंत तेव्हाही तुम्हाला तेच कळून घ्यायचं होतं. मी विसरले म्हणाले आणि तुम्ही समजलात, अजून बोलवत नाही हिला.

हा लेख मी मंडळीच्या मासिकाला देणार आहे. तीन महिने तीही थांबली होती, तिचाही हक्क आहे. शिमोनभाऊ चष्मा लावून दोनदा वाचतील, वाचू देत. जे तुम्हाला सांगायचं होतं ते आता सगळ्यांसमोर लिहिते.

त्या शनिवारी माझं काहीच राहिलं नव्हतं. काहीसुद्धा नाही. तुम्ही सगळं केलं होतंत, मनापासून केलं होतंत, आणि मला ते दिसत होतं. त्या आठवड्यात थांब्यावर चार बाया मला हसून म्हणाल्या होत्या, आता तरी हो म्हणा की राणीसाहेब. मी मनात म्हटलं, राणीसाहेब काय, मग थांबा अजून एक महिना. बी.ए. झालेल्या बाईचा एवढाच मोठेपणा. तुम्ही मंडळीसमोर म्हणालात, ती खोटं बोलत नाही. ती बोलली, आणि तुमच्याशीच बोलली. माझं चुकलं. मला क्षमा करा.

तुम्ही गोष्ट लपवलीत, ती मी तुम्हाला क्षमा करते. सहज नाही करत, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. पण करते. रविवारी ताट आलं की मी माझा तुकडा घेईन.

राहेलआजींची क्षमा मागायला मात्र मला इथून जमणार नाही. ते काम तुमच्याकडे. त्यांच्या शेजारीच कुठंतरी बसला असाल. त्यांना सरळ सांगा की जिच्या ‘व्हय’साठी तुम्ही थांबलात, तिच्याकडे ‘नाही’ म्हणायला कारणच नव्हतं. त्या भडकतील. हाताला लागेल ते फेकतील, तुमचाच कान धरतील. धरू द्या. माझ्या वाटचं तेवढं तुम्ही सोसा, मी येईपर्यंत.